उलट्यांमुळे ॲडमिट, क्लेम रिजेक्ट

प्रश्न: बायकोला गरोदरपणाचा नववा आठवडा, घोटभर पाणी पण टिकत नाही, ५ किलो वजन गेलं, तीन दिवस सलाइनवर होती आणि आता टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) म्हणतोय मॅटर्निटी आहे, पॉलिसीत बसत नाही. काय करू?

उत्तर: पॉलिसीतलं एक्सक्लुजन १८ (काय कव्हर होत नाही ते सांगणारं कलम) नीट वाचा, त्यात शब्द ‘चाइल्डबर्थ’ आहे, नवव्या आठवड्यातल्या उलट्या म्हणजे बाळंतपण नव्हे! विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिन्यात नाही ऐकलं तर विमा लोकपालाकडे जा, फी लागत नाही.

उत्तर: मला कुकरच्या वाफेनेही उलटी व्हायची, आणि सगळे म्हणायचे "सगळ्यांनाच होतं गं", फार एकटं वाटायचं. लघवीतले कीटोन (उपाशी राहिल्यावर शरीरात तयार होणारे पदार्थ) तपासा, ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) देतायत ना विचारा. नोकरी असेल तर गरोदरपणातल्या आजारासाठी महिनाभर जादा पगारी रजा मिळते; आधी ती १९६१ च्या मातृत्व कायद्यात कलम १० खाली होती, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आहे.