शब्दचर्चा : होमोफोबिया म्हणजे भय, द्वेष की अढी?

तळटीप
समुपदेशकांच्या एका गटासाठी पालकांच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. मुलाने किंवा मुलीने घरी येऊन 'मी गे आहे', 'मी लेस्बियन आहे' असं सांगितलं तर काय बोलावं, काय टाळावं, असा मजकूर आहे. अडलंय 'होमोफोबिया'पाशी. मी 'समलिंगीद्वेष' लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'समलैंगिकताभयगंड' केलं. वाक्याचा आशय असा की अतिशय प्रेमळ आईबापांच्या मनातही थोडा होमोफोबिया असू शकतो आणि तो ओळखता आला तर पुढचं सोपं जातं. आता प्रेमळ आईच्या मनात द्वेष आहे असं छापलं तर ती पुस्तिका मिटून ठेवणार. भयगंड छापलं तर 'मला कसली आलीय भीती' म्हणून पान उलटणार. मधलं काही सुचतंय का?

कानामात्रा
आधी 'समलैंगिकता' काढून टाका. 'इक' प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते. समाजाचं सामाजिक, लिंगाचं लैंगिक. त्याच न्यायाने समलिंगाचं 'सामलिंगिक' व्हायला हवं. 'समलैंगिक' हे व्याकरणदृष्ट्या ना इकडचं ना तिकडचं. 'समलिंगी' निर्दोष आहे. फोबियासाठी भयगंड रूढ आहे, मग उगाच नवं का शोधायचं?

निळी शाई
'सामलिंगिक' ऐकून एखाद्या वेदशाखेचं नाव असावं असं वाटलं. अहो, आधी लैंगिक झालं, मग त्याला सम जोडलं, एवढं साधं आहे ते.
आणि 'समलिंगी' निर्दोष कसं? समवयस्क, समकालीन, समविचारी, ह्या सगळ्यांना समोर दुसरा कोणीतरी लागतो. मी खोलीत एकटा बसलेला असतो तेव्हा नेमका कोणाशी समलिंगी असतो? दोन सख्खे भाऊसुद्धा शब्दशः समलिंगीच की.
(हे मी हौसेने विचारत नाहीये. हा शब्द मला लागू पडतो, म्हणून विचारतोय.)

कानामात्रा
मुद्दा मान्य. मग 'समलिंगप्रेमी' म्हणा.

निळी शाई
प्रेमी म्हटलं की मी पक्षिप्रेमी, नाट्यप्रेमी ह्यांच्या रांगेत जाऊन बसतो. रविवारी सकाळी छंद म्हणून करतो असं वाटतं.

पानभर
व्याकरणशुद्धीच्या बाबतीत मूळ शब्दाचंही फार कौतुक नको. 'होमोसेक्शुअल' हा शब्द १८६९ मध्ये कार्ल-मारिया कर्टबेनी ह्या हंगेरियन लेखकाच्या जर्मन पत्रकांतून पहिल्यांदा छापला गेला. प्रशियातला पुरुषांच्या संबंधांना शिक्षा देणारा कायदा रद्द व्हावा म्हणून त्याने ती निनावी लिहिली होती. अर्धा शब्द ग्रीक, अर्धा लॅटिन. म्हणजे धेडगुजरीपणा जन्मापासूनच. गंमत अशी की कायद्याविरुद्ध लढायला घडवलेला हा शब्द पुढे डॉक्टरांनी उचलला आणि रोगाचं नाव करून टाकला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तो रोगांच्या यादीतून १९७३ मध्ये काढला, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये.
आणि हो, त्यातला 'होमो' म्हणजे ग्रीक 'सारखा'. लॅटिनमधला 'माणूस' नव्हे. हा गोंधळ शिकलेसवरलेलेही करतात.

तळटीप
हे सगळं छान आहे, पण मला फोबियाचं हवंय हो.

पानभर
त्याचीही कथा आहे. जॉर्ज वाइनबर्ग ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा शब्द साठच्या दशकात योजला, १९७२ मध्ये पुस्तकात मांडला. त्याच्या डोक्यात भीतीच होती. अशा माणसांच्या जवळ जायची भीती, आपल्यालाही काही चिकटेल अशी भीती. त्याने काम मोठं केलं. तोवर वैद्यकशास्त्र 'हे लोक असे का?' एवढंच विचारत होतं. ह्या शब्दाने प्रश्न फिरवला, 'तुम्हाला त्यांचा एवढा त्रास का होतो?' पण इंग्रजीतही सगळ्यांना तो पटलेला नाही. असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेने २०१२ मध्ये आपल्या लेखनसंहितेत बातम्यांतून तो टाळावा असं सांगितलं. कारण तेच, फोबिया हा आजार असतो आणि बातमीदाराने कोणाचं निदान करू नये.

शेवाळ
नेहमीप्रमाणे शब्दांचा कीस. मला विचाराल तर मराठीत शब्द नाही कारण गरज नव्हती. आपल्याकडे लोक 'तो तसला आहे' म्हणायचे आणि विषय संपायचा. कोणी मारायला धावत नव्हतं. आणि आता तर जग कुठल्या कुठे गेलं. अमेरिकेत समलिंगी विवाहांना १९९६ मध्ये २७ टक्के लोकांचा पाठिंबा होता, २०२१ मध्ये गॅलपच्या त्याच पाहणीत ७० टक्के. नेदरलँड्समध्ये २००१ मध्येच तसा कायदा लागू झाला. आमच्यासारख्या जुन्या लोकांनाही आता चालतं. मग द्वेष नि भय शोधत कशाला बसायचं?

मंदाक्रांता
शेवाळ, तुम्हीच शब्द दिलात की! 'तसला'. 'तो तसा आहे' आणि 'तो तसला आहे' ही दोन वाक्यं म्हणून बघा. सगळा तिरस्कार त्या 'ला'मध्ये बसलाय. असला, तसला, कसला, ह्या तिघांचं हेच काम. 'असला माणूस' म्हटलं की पुढे चांगलं काही येत नाही.

कानामात्रा
'असला' नेहमी तुच्छतादर्शक नसतो. 'असला आनंद पुन्हा नाही' असं म्हणतोच की.

मंदाक्रांता
आनंदाबद्दल म्हणतो. माणसाबद्दल कितीदा म्हणतो?
आणि 'बायल्या' विसरलात. त्या शिवीत समलिंगी कुठे नाहीच, आहे ती बाई. पुरुषाला बाईसारखं म्हणणं हाच अपमान. होमोफोबियाचं एक मूळ तिथे आहे, आणि म्हणून 'भय' मला पटत नाही. बाईपणाबद्दलचा तो तुच्छभाव आहे.

निळी शाई
शेवाळसाहेब, 'मारायला धावत नव्हतं' हे कोणाच्या अनुभवावरून? शाळेत माझं टोपणनाव काय होतं ते इथे छापता येणार नाही. मारलंही होतं. पण तेही जाऊ द्या, 'आम्हाला चालतं' ह्यावर बोलू. मराठीत 'मला चालतं' कधी म्हणतो? कोणीतरी परवानगी मागितली असेल तेव्हा. तुमचं उजव्या हाताने जेवणं मला चालतं, असं मी म्हटलं तर तुम्ही काय म्हणाल? 'तुला कोणी विचारलं?' बरोबर ना?
माझ्या काकांनी मला हेच वाक्य सांगितलं होतं. 'आम्हाला चालतं रे, फक्त बाहेर बोलू नकोस.' माणूस खरंच प्रेमळ. आजारपणात रात्र रात्र माझ्या उशाशी बसलेला. तळटीप, तुमच्या पुस्तिकेतलं ते वाक्य मला म्हणूनच नेमकं कळलं. काकांच्या मनात द्वेष नव्हता, आणि भीती असलीच तर माझी नव्हती, शेजाऱ्यांची होती.

शेवाळ
म्हणजे चांगलं बोललं तरी चूक. अवघड आहे. काकांनी घराबाहेर काढलं असतं तर?

निळी शाई
काढलं नाही म्हणून आभारी आहेच. पण 'काढलं नाही' ही फार खालची पट्टी झाली. शिवाय तुमचे ते ७० टक्के कायद्याबद्दलच्या प्रश्नाचे आहेत. 'तुमच्या मुलाचा जोडीदार मुलगा असेल तर सगळ्या नातेवाइकांशी त्याची ओळख करून द्याल का?' असं विचारलं की आकडा किती टिकेल ते बघा. आणि काटा एकाच दिशेने फिरतो असंही नाही. युगांडाने २०२३ मध्ये जो कायदा केला त्यात काही प्रसंगी देहान्ताची शिक्षा आहे.

उपसंपादक (निवृत्त)
उशिरा आलो. वर्तमानपत्रातल्या अनुभवावरून सांगतो, खरा घोळ नामांत नाही, क्रियापदांत आहे. एखाद्या खेळाडूने आपण गे असल्याचं सांगितलं की आमच्याकडे मथळा ठरलेला असे, 'समलिंगी असल्याची कबुली'. वर्षानुवर्षं असाच लावला. कारण विचाराल तर जागा. 'कबुली' तीन अक्षरांत बसते. 'जाहीर केले' लावलं की ओळ फुटते.

मंदाक्रांता
कबुली गुन्ह्याची देतात ना?

उपसंपादक (निवृत्त)
प्रेमाचीही देतात.

मंदाक्रांता
ती ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यापाशी. अख्ख्या वाचकवर्गापुढे देतात ती लाचलुचपतीची.

कानामात्रा
'कबूल' मुळात अरबी, आणि अर्थ 'स्वीकार'. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिलं तर कबुली मुलाने द्यायचीच नाही, आईबापांनी द्यायची.

तळटीप
हे फारच आवडलं. पुस्तिकेत घालू का?

पानभर
घालू नका. व्युत्पत्तीवर अर्थ चालत असता तर मराठीत शिक्षा झालेला माणूस सुशिक्षित ठरला असता. लोकांच्या कानाला कबुली म्हणजे अपराधच लागतो.

उपसंपादक (निवृत्त)
दुसरा शब्द 'अनैसर्गिक'. तो पोलिसांच्या प्रेसनोटमधून थेट बातमीत यायचा, आणि प्रेसनोटमध्ये यायचा १८६० च्या दंडसंहितेतून. कलम ३७७ मध्ये 'निसर्गक्रमाविरुद्ध' अशी भाषा होती. इंग्रजांनी तीच संहिता थोड्याफार फरकाने जिथे तिथे नेली. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीचे संबंध त्यातून वगळले, सिंगापूरने आपलं ३७७अ २०२२ मध्ये काढून टाकलं. कायदा गेला, विशेषण मात्र कोणीच रद्द केलं नाही. 'प्रवृत्ती'चंही तसंच. लैंगिक प्रवृत्ती लिहायचो, आणि शेजारच्या रकान्यात गुन्हेगारी प्रवृत्ती. 'कल' हा साधा शब्द हाताशी असताना.
शेवाळ म्हणतात गरज नव्हती. र. धों. कर्व्यांवर १९३४ मध्ये जो अश्लीलतेचा खटला चालला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मासिकातून दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्यात समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. वकील होते डॉ. आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. म्हणजे मराठी वाचक तेव्हाही विचारत होते. उत्तर छापणं गुन्हा होता.

शेवाळ
कर्व्यांचं माहीत नव्हतं. पण 'तसला'वर मी ठाम आहे. आमची आजी कौतुकानेही म्हणायची.

मंदाक्रांता
तळटीपला हवा असलेला शब्द सुचवू का? अढी. 'मनात थोडी अढी असू शकते.' आईला राग येणार नाही, नाकारताही येणार नाही. पायांची अढी घालून बसतो तशी मनाची पडलेली तिढ. (आंब्याची अढी वेगळी, कृपया कोणी तो फाटा फोडू नका.)

तळटीप
अरे वा! 'समलिंगी व्यक्तींविषयीची अढी'. वाक्यात चपखल बसतंय.

कानामात्रा
चपखल नाही. अढी बसायला काही घडावं लागतं. पैसे बुडवले, अपमान केला, मग अढी. न भेटलेल्या माणसांबद्दल जे असतं तो पूर्वग्रह. शिवाय विशेषण कसं करणार? होमोफोबिक बाप म्हणजे अढीबाज बाप? अढीखोर?

निळी शाई
अढीखोर मला आवडला. काकांना सांगतो.
पण एक धोका आहे. अढी फार सौम्य आहे. आईच्या मनातली अढी ठीक, पण मुलाला कोंडून ठेवून 'उपचार' करवून घेणं, नोकरीवरून काढणं, रस्त्यात मारणं, ह्यालाही अढीच म्हणायचं? इंग्रजीत ह्या सगळ्याला एकच शब्द आहे. तो फार अचूक नसेल, पण त्यामुळे काका आणि मारणारा एकाच ओळीत दिसतात. मराठीत आपण काकांना अढी देऊन सोडवतोय.

मंदाक्रांता
मग दोन शब्द वापरू द्या ना. आईला आणि गुंडाला एकच शब्द लावून आई पुस्तिका वाचणार आहे का?

पानभर
तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाने पाठपुरावा केल्यावर शासनाने २०२२ मध्ये अशा संज्ञांची तमिळ शब्दसूचीच राजपत्रात प्रसिद्ध केली. मराठीत झाली तर 'सामलिंगिक' नक्की असणार त्यात.

कानामात्रा
असायलाच हवा.

तळटीप
सध्याची स्थिती : तपासणाऱ्या बाईंना 'अढी' बोलीतला वाटतो. गटातल्या तरुण मुलांना 'होमोफोबिया' तसाच देवनागरीत हवाय, कारण ती मुलं तोच बोलतात. पालक बोलत नाहीत हे त्यांना पटत नाहीये. आता पुढच्या प्रकरणात 'बायसेक्शुअल' आलंय, तिथे मी 'उभयलिंगी' लिहिलंय. चालेल ना? (हो, परवानगीच मागतेय.)

मंदाक्रांता
थांबा! मी जीवशास्त्र शिकवते. उभयलिंगी म्हणजे गांडूळ. आणि जास्वंदीचं फूल. एकाच देहात दोन्ही लिंगं. तुम्हाला दोघांविषयी आकर्षण म्हणायचंय.

पानभर
इंग्रजीतही फुलाला बायसेक्शुअलच म्हणतात. त्यांचं काही अडलं नाही.

कानामात्रा
'उभयलैंगिक' लिहा, म्हणजे गांडूळ वेगळं राहील.

निळी शाई
कानामात्रा, त्याचं 'औभयलिंगिक' नाही का होत?

कानामात्रा
ह्यासाठी वेगळा धागा काढा. सविस्तर लिहितो.