आवडत नसलेलं पुस्तक अर्धवट सोडावं का?

मुठाकाठ

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावरच्या पुस्तक महोत्सवातून ६२० पानांची एक कादंबरी आणली. पेठेतला वाडा, तीन पिढ्या. भिशीतल्या दोघींनी फार कौतुक केलं होतं. आता जून उजाडला आणि मी मार्चपासून १८६व्या पानावर आहे. रोज रात्री उशाशी घेते, तेच दीड पान वाचते, की मोबाइल हातात येतो. हे संपल्याशिवाय दुसरं सुरू करायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तीन महिने काहीच वाचलेलं नाही. एरवी महिन्याला दोन-तीन पुस्तकं होतात माझी.

सोडावंसं वाटतं, पण हात धजत नाही. आजी सप्ताहाला बसली की अंगात ताप असला तरी पारायणात खंड पडू द्यायची नाही. आणि जेवताना पानात टाकायचं नाही, हे आम्हाला पाठीत धपाटा घालून शिकवलेलं. पुस्तकाच्या पानाचंही मला तसंच वाटत आलंय. पण पोथी श्रद्धेनं वाचतात, कादंबरी नाही. मग तो नियम इथे कशाला? माझं मत सोडावं असंच आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

सदाशिव३०

मला नाही पटत. कोकणातल्या एका कादंबरीतले मालवणी संवाद मला पहिली चाळीस पानं कळत नव्हते. प्रत्येक ओळ दोनदा वाचत होतो. मग कान बसला, आणि पुढची दोनशे पानं दोन दिवसांत झाली. चाळिसाव्या पानावर ठेवून दिलं असतं तर माझं मत काय झालं असतं? ‘कंटाळवाणं’. दोष माझ्या कानाचा, नाव पुस्तकाला.

मोठी कादंबरी आधी आपल्याला तिची चाल शिकवते आणि मग गोष्ट सांगते. आणि दीड पानावर मोबाइल हातात येतो, हे तुम्हीच लिहिलंय. मग अडचण पुस्तकाची आहे की मोबाइलची, ते आधी बघा. आठ दिवस मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून वाचा.

रात्रवाचक

सदाशिवकाका, मी हिंजवडीहून घरी पोचतो तेव्हा साडेआठ झालेले असतात. वाचायला चाळीस मिनिटं मिळतात, वीस पानं. म्हणजे वर्षाला ७,३०० पानं, तीनशे पानी पुस्तकं धरली तर २४. पुढची तीस वर्षं डोळे शाबूत राहिले तरी ७२० पुस्तकं. अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या दुकानाच्या एका भिंतीवर याहून जास्त असतात. इतकाच साठा असताना न आवडणाऱ्या पुस्तकावर तीन महिने घालवायचे, याचा मला त्रास होतो.

आपण अडकतो ते पैसे आणि वेळ आधीच घातला म्हणून. हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ साली ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहातला प्रयोग प्रसिद्ध केला. हंगामाचं तिकीट काहींना पूर्ण १५ डॉलरला दिलं, काहींना सवलतीत. कुणाला सवलत मिळाली ते निव्वळ योगायोगानं ठरलं, तरी पूर्ण पैसे भरलेल्यांनी हंगामाच्या पहिल्या निम्म्यात जास्त नाटकं पाहिली. नाटकं सगळ्यांना तीच होती. पुस्तकासाठी मोजलेले पैसे वाचलं तरी परत येत नाहीत आणि सोडलं तरी येत नाहीत. मुठाकाठ, आज रात्रीच ठेवून द्या.

सदाशिव३०

त्याच प्रयोगाचा उरलेला भाग सांगायचा राहिला. हंगामाच्या दुसऱ्या निम्म्यात तो फरक टिकला नाही. मोजलेल्या पैशांची ओढ काही महिन्यांत विरते. सहा महिन्यांनीही हे पुस्तक यांच्या उशाशी आहे, म्हणजे कारण पैसे नसावं.

आणि ७२० पुस्तकांचा हिशोब ऐकून वाईट वाटलं. पुस्तकं म्हणजे का हातावेगळ्या करायच्या फायली? त्या ७२०मध्ये चार पुस्तकांनी तुम्हाला दमवलं नाही, तर राहिलेली ७१६ तुम्हाला आधीच माहीत असलेलंच सांगतील.

देवघेव_खिडकी

पेठेतल्या एका वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर मी १९ वर्षं काम केलं. परत आलेलं पुस्तक झटकून बघायची सवय होती. खुणेसाठी ठेवलेलं पीएमपीचं तिकीट, औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, लग्नपत्रिकेचा तुकडा, काहीही निघायचं. आणि बहुतेक वेळा ते पहिल्या साठ-सत्तर पानांत असायचं. हे वाचक वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी तेच खिडकीशी येऊन दुसरं घेऊन जायचे. मात्र परत देताना मान खाली असायची. ‘वेळ नाही झाला हो’ म्हणायचे. ‘आवडलं नाही’ असं सरळ म्हणणारे थोडे. मला फार वाटायचं, की यांनी तसं म्हणावं, म्हणजे पुढचं पुस्तक मी नीट निवडून देईन.

या गावाला वाचनालयाची सवय जुनी आहे, नगर वाचन मंदिर १८४८चं. वाचनालयाचं पुस्तक परत करता येतं. विकत घेतलेलं घरात राहतं आणि रोज दिसतं, म्हणून ते जास्त टोचतं. रंगनाथनांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सगळे सांगतात, वाचकाचा वेळ वाचवा. मला तिसरं जवळचं वाटतं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तुम्ही अडवून ठेवलेलं पुस्तक कुणाचं तरी आहे.

सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियम आहे. पन्नास पानं वाचा, नाही पटलं तर सोडा. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं. साठीच्या माणसाला चाळीस. मला यातली माया आवडते, पण आकडा मानवत नाही. आपल्याकडे सव्वाशे पानांची लघुकादंबरी असते, तिची पन्नास म्हणजे जवळजवळ निम्मी. कथासंग्रहात तर एक कथा सोडून पुढची वाचता येते.

म्हणून मी पानं विचारत नसे, कुठे अडलं ते विचारत असे. भाषा जड जाते, माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, की मनाला पटत नाही? पहिल्या दोन्हींवर उपाय असतो. बाई, १८६व्या पानावर नक्की काय होतं?

मुठाकाठ

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. काल रात्री पुन्हा उघडून बघितलं. १८६वर मधली सून ओसरीवर चहा आणते, सासरे बोलत असतात, ती पदर सावरून आत जाते. मागची पानं चाळली. तिथेही तेच. दोन पिढ्यांतल्या पाच बायका, आणि एकीच्याही तोंडी तिचं स्वतःचं म्हणता येईल असं वाक्य नाही. चहा, पदर, डोळ्यांत पाणी.

मी वाड्यात वाढलेय. आमच्या आजीनं नळावर एक वाक्य टाकलं की अख्खा चौक गप्प व्हायचा. भाडेकरूंचे हिशोब तिच्या तोंडपाठ होते. या पुस्तकातल्या वाड्यावर माझा विश्वास बसत नाही. सदाशिवकाका, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला तरी तो बसणार नाही.

सदाशिव३०

हे कारण मानतो. तरी ४३४ पानं उरलीत. तिसऱ्या पिढीतली एखादी नात उभी राहून बोलणार असेल, आणि आधीच्या सुनांचं गप्प राहणं त्यासाठीच असेल तर? लेखक असं मुद्दाम करतात. निदान तीनशेपर्यंत जा.

आणि न जाणार असाल, तर एका गोष्टीचा आग्रह धरतो. भिशीत ‘ते पुस्तक वाईट आहे’ म्हणू नका. तो हक्क पूर्ण वाचणाऱ्याचा.

रात्रवाचक

अर्धवट वाचणाऱ्यालाही मत असतंच की. कुठे सोडलं आणि का, हे प्रामाणिकपणे सांगितलं म्हणजे झालं.

मुठाकाठ

काकांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. भिशीत ‘१८६ पानांपर्यंतच्या बायका मला खोट्या वाटल्या’ एवढंच सांगेन. पण तीनशेपर्यंत जाणार नाही. नात बोलणार असेलही. तिच्यासाठी पाच जणींना इतकं मुकं ठेवावं लागत असेल, तर मला तेही पटत नाही.

सहकारनगरच्या माझ्या मावशीला पिढ्यांच्या गोष्टी आवडतात. शनिवारी तिच्याकडे नेऊन देते. खूण काढून ठेवली आहे, नाहीतर मी कुठे थांबले ते बघून ती तिथेच अडखळायची.