पहिल्याच राईडला चोर्ला रोड नको

एकानं विचारलंय की ग्रॅव्हल बाईकवर (कच्च्या रस्त्यावरही चालणारी जाड टायरची सायकल) बेळगावहून थेट चोर्ला रस्त्यानं कणकुंबी गाठावी का. नको ओ, गोव्याला जाणाऱ्या गाड्या अंगाला घासून जातात, त्यात मजा काय? पहिल्यांदा राकसकोप धरणाकडं जा की. मार्कंडेय नदीच्या पाण्याच्या कडेनं गावातले रस्ते धरायचे, पुढं तुडयेला महाराष्ट्र लागतो, तिथनं वैजनाथचा डोंगर, चढ आहे पण झाडी मस्त.

खानापूर साईडला मात्र टायर बघून घ्या, 35 मिमी रुंदीचा चालेल पण 40 च्या वर बरं, कारण तांबड्या मातीत जांभ्याचे बारीक गोल खडे असतात आणि उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक सरळ बाजूला जातं, हवा जरा कमीच ठेवा. पावसाळ्यात त्याच जांभ्यावर शेवाळ, तेव्हा नादच नको, दिवाळीनंतर बघा.

आणि त्याच खानापूर साईडचं भीमगडचं जंगल 2011 पासून अभयारण्य आहे, मॅपवर पायवाट दिसली म्हणून आत घुसू नका, फॉरेस्टची परवानगी लागते, शिवाय अस्वलं आहेत. जांबोटीच्या पुढं पंक्चरवाला मिळेलच असं नाही, ट्यूब आणि पंप सोबत असू दे. रविवारी निघणार असाल तर सांगा, येतो.