कारखान्यासाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची व्यवस्था कशी निवडावी?

प्रश्न: पॅनेल उद्योजक, मकरपुरा, बडोदे

सर्वांना सप्रेम नमस्कार. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचा विजेची कंट्रोल पॅनेल तयार करण्याचा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केलेल्या या उद्योगात आज ४२ माणसे काम करतात, विक्री पाहणारे तिघे पुण्यात असतात आणि गेल्या वर्षापासून जर्मनीतील एक ग्राहक आमच्याकडून नियमित माल घेतो. पूर्वी माल रवाना होण्याआधी त्यांचा निरीक्षक स्वतः येऊन चाचणी पाहत असे. आता तो व्हिडिओवरून चाचणी पाहण्यास तयार झाला आहे, आणि त्यामुळे आमचा वेळ व त्यांचा प्रवासखर्च असे दोन्ही वाचतात.

मात्र मागील महिन्यातील पहिलीच चाचणी फसली. आम्ही मोफत खात्यावरून बैठक बोलावली होती, ती ४० मिनिटांनी बंद पडली. पुन्हा जोडल्यावर चित्र थबकू लागले, मेगरवरचा (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणावरचा) आकडा त्यांना वाचता येईना, आणि शेवटी त्यांनी संपूर्ण चाचणी पुन्हा दाखवण्यास सांगितले. माल चार दिवस उशिरा निघाला, याचे मला फार वाईट वाटते, कारण पॅनेलमध्ये काहीही दोष नव्हता.

त्यानंतर तीन विक्रेत्यांना विचारले. एक म्हणतो की बैठकीच्या खोलीत मोठा कॅमेरा आणि पडदा बसवा. दुसरा सर्व ४२ जणांसाठी परवाने घ्यायला सांगतो. तिसरा स्वतःचा सर्व्हर उभारण्याचा आग्रह धरतो. वडिलांना २०२०मध्ये झूमविषयी निघालेली सरकारी सूचना आठवते आणि त्यामुळे ते झूमला तयार नाहीत. शिवाय आमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असून एक संचालक, म्हणजे माझे काका, नाशिकला राहतात. त्यांच्यासह संचालक मंडळाची बैठकही याच व्यवस्थेवर घ्यावी असा विचार आहे. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: नेटवर्कचे काम करणारा, अलकापुरी

सर्वप्रथम ग्राहकाला विचारा की त्यांच्या कार्यालयात कोणती व्यवस्था वापरतात. मोठ्या कंपन्यांच्या संगणकांवर बाहेरचे ॲप बसवण्याची परवानगी बहुधा नसते, म्हणून निरीक्षकाच्या बाजूने जे चालते तेच तुमच्याही कामाचे ठरते. ते टीम्स (मायक्रोसॉफ्टचे बैठकीचे ॲप) वापरत असतील, तर त्यांनी पाठवलेल्या दुव्यावरून तुम्ही पाहुणे म्हणून ब्राउझरमधून विनामूल्य सामील होऊ शकता. पैसे भरलेले खाते बैठक बोलावणाऱ्याकडे लागते, सामील होणाऱ्याकडे नाही. त्यामुळे ४२ परवान्यांचा प्रस्ताव मी तरी बाजूला ठेवीन; ज्यांना वरचेवर बैठक बोलवावी लागते अशा दोघा-तिघांची खाती पुरतील.

तुमची कंपनीची ईमेल आधीच गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५वर असेल, तर वेगळे काही विकत घेण्यापूर्वी त्या योजनेत काय मिळते ते पाहा. वर्कस्पेसच्या सर्वांत खालच्या योजनेत मीट (गूगलची व्हिडिओ बैठकीची सोय) असते, पण बैठक ध्वनिमुद्रित करण्याची सोय त्याच्या वरच्या बिझनेस स्टँडर्ड योजनेपासून सुरू होते, आणि तुमच्या कामाला ती सोय लागणारच आहे. मोफत मीटवर तीन किंवा अधिक जणांची बैठक ६० मिनिटांनी संपते, म्हणून तोही मार्ग तुम्हाला उपयोगाचा नाही.

आता लाइनविषयी. चित्र थबकले याचे कारण बहुधा ॲप नसून तुमच्याकडून बाहेर जाणारा वेग आहे. आपण लाइन घेताना खाली येणारा वेग विचारतो, आणि निरीक्षणाच्या वेळी तर सारे चित्र तुमच्याकडून बाहेर जायचे असते. झूमने दिलेल्या आकड्यांनुसार सामूहिक बैठकीत ७२० रेषांच्या चित्रासाठी बाहेर जाणारा वेग २.६ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) आणि १०८० रेषांसाठी ३.८ एमबीपीएस लागतो. आकडे लहान दिसतात, पण त्याच वेळी हिशेबाच्या खोलीतून बॅकअप वर चढत असेल आणि सीसीटीव्हीचे चित्र मालकाच्या फोनवर जात असेल, तर उरलेली जागा अपुरी पडते. कामाच्या वेळी, म्हणजे दुपारी, वेग मोजून पाहा; रात्री मोजलेला वेग येथे गृहीत धरता येत नाही.

दुसरी तपासणी फायरवॉलची, म्हणजे कारखान्याच्या नेटवर्कमधून आत-बाहेर काय जाऊ द्यायचे ते ठरवणाऱ्या यंत्रणेची. यूडीपी आणि टीसीपी या इंटरनेटवरून माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत. आवाज आणि चित्र यूडीपीवरून गेले तर हरवलेला एखादा तुकडा सोडून पुढे जाता येते. यूडीपी बंद असेल तर तेच टीसीपीवरून जाते, हरवलेला प्रत्येक तुकडा पुन्हा मागवला जातो आणि बोलणे मागे पडते. टीम्ससाठी यूडीपी ३४७८ ते ३४८१ आणि झूमसाठी ८८०१ ते ८८१० ही पोर्ट (वाहतुकीची क्रमांक दिलेली दारे) बाहेर जाण्यासाठी खुली आहेत का, ते बसवणाऱ्याला विचारा. पुण्याचे कार्यालय व्हीपीएनने (इंटरनेटवरील खासगी सुरक्षित जोडणीने) जोडले असेल, तर बैठकीची वाहतूक त्यातून न नेता थेट बाहेर सोडा.

जर्मनी दूर आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मार्ग १०,००० किलोमीटरचा धरला तरी एका दिशेने ५० मिलिसेकंद लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास संभाषणात अडचण जाणवत नाही.

वडिलांच्या शंकेचा मी आदर करतो. गृह मंत्रालयाच्या त्या एप्रिल २०२०च्या सूचनेत सरकारी अधिकाऱ्यांनी कार्यालयीन कामासाठी झूम वापरू नये असे म्हटले होते, आणि खासगी वापरासाठी परवलीचा शब्द, प्रतीक्षा कक्ष व बैठकीला कुलूप असे उपाय सांगितले होते. त्याच वर्षी झूमने परवलीचा शब्द आणि प्रतीक्षा कक्ष आपोआप चालू ठेवण्यास सुरुवात केली, एन्क्रिप्शन (संभाषण सांकेतिक रूपात पाठवण्याची पद्धत) बदलले, आणि ऑक्टोबरमध्ये दोन टोकांदरम्यानच्या एन्क्रिप्शनचा पर्यायही दिला. तो पर्याय निवडल्यास मात्र क्लाउडवर ध्वनिमुद्रण होत नाही. हे उपाय प्रत्येक व्यवस्थेत लागू करा, नाव कोणतेही असो.

उत्तर २: पंप आणि व्हाल्व्हची तपासणी दाखवणारा, वाघोडिया

दादा, गेली काही वर्षे मी अशाच चाचण्या ग्राहकांना दाखवत आलो आहे, म्हणून फक्त शॉप फ्लोअरविषयी लिहितो. तुमचा ग्राहक बैठकीच्या खोलीत बसणार नाही, तो पॅनेलसमोर उभा राहणार आहे. तेव्हा मोठ्या कॅमेऱ्याचा खर्च प्रथम करू नका. चांगला फोन, तिवई, कॉलर माइक आणि पॅनेलजवळ नेलेली नेटवर्कची वायर यांवर माझे काम उत्तम चालते. वायर शंभर मीटरपर्यंत निर्धास्त ओढता येते. लोखंडी शेडमध्ये वायफायवर विसंबू नका. तेच वापरावे लागले, तर राउटर जवळ आणून ५ गिगाहर्ट्झची पट्टी निवडा.

आकडा वाचता न येण्यामागे बहुधा प्रकाशाचा दोष असतो. मीटरच्या काचेवर वरच्या दिव्याचे प्रतिबिंब पडते, म्हणून दिवा बाजूने द्या आणि मीटर किंचित तिरपा ठेवा. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात, आणि कॅमेरा ६० हर्ट्झवर लावलेला असेल तर पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. वेबकॅमच्या सेटिंगमध्ये ५० निवडताच ते जातात. लाइन मंद झाली की ॲप चित्राचा दर्जा आपोआप कमी करते, म्हणून प्रत्येक वाचनाचा स्थिर फोटोही काढा आणि बैठकीतच पाठवा. नेमप्लेटचा अनुक्रमांक, मीटरच्या कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि मग वाचन, हा क्रम ठेवल्यास कोणता आकडा कोणत्या पॅनेलचा याविषयी वाद उरत नाही.

आवाजाचे एक कोडे मला फार उशिरा उलगडले. ॲपमधील गोंगाट दाबण्याची सोय माणसाचा आवाज ठेवते आणि बाकीचे पुसते. पंख्याचा आवाज जातो हे चांगलेच, पण कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) ओढल्याचा खटका आणि रीलेचा (तशाच लहान स्विचचा) टिकटिकाटही पुसला जातो. निरीक्षकाला तोच ऐकायचा असतो. झूममध्ये मूळ आवाज पाठवण्याची सोय आहे आणि टीम्समध्येही दाबण्याची पातळी कमी करता येते. त्या चाचणीपुरता हा बदल करा आणि शेजारचा प्रेस तेवढा वेळ थांबवा.

राउटर आणि फायबरचा डबा हे दोन्ही यूपीएसवर हवेत. माझ्याकडे एकदा राउटर चालू राहिला आणि डबा बंद पडला. दुसरी लाइन दुसऱ्या कंपनीची घ्या, निदान फोनचे जाळे तयार ठेवा. आणि वेळेची नोंद करा: तेथील सकाळचे ९ म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे १.३० आणि उन्हाळ्यात १२.३०, कारण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचे घड्याळ बदलते.

उत्तर ३: कंपनी सचिव, दांडिया बाजार

संचालक मंडळाच्या बैठकीविषयी. कंपनी कायदा २०१३च्या कलम १७३(२) नुसार संचालक व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने उपस्थित राहू शकतात आणि असा संचालक गणपूर्तीत धरला जातो. सविस्तर पद्धत २०१४च्या मंडळ बैठक नियमांतील नियम ३मध्ये आहे. अध्यक्षांनी हजेरी घ्यावी, आणि प्रत्येकाने आपले नाव, आपण कोठून सामील झालो आहोत, कार्यसूची मिळाली आहे आणि आपल्याजवळ दुसरे कोणी बैठक ऐकत नाही, हे सांगावे. इतिवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत सर्व संचालकांना पाठवावा लागतो, आणि ध्वनिमुद्रण निदान त्या वर्षाचे लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत कंपनीच्या नोंदींत जपून ठेवायचे असते.

यातून तुमच्या निवडीला एक निश्चित अट मिळते: ध्वनिमुद्रण कंपनीच्या खात्यात उतरले पाहिजे, तुमच्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात नव्हे. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला तर नोंदही त्याच्याबरोबर जाते. ग्राहकाबरोबरच्या चाचणीचे मुद्रण करण्यापूर्वीही त्यांची लेखी संमती घ्या आणि ते किती दिवस ठेवणार ते ठरवा.

उत्तर ४: संगणक अभियंता, सयाजीगंज

सर्व्हरविषयी दोन ओळी. जित्सी मीट हे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारे व्हिडिओ बैठकीचे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि मी ते स्वतः चालवतो. त्याचा सर्व्हर प्रत्येकाचे चित्र इतर सर्वांना पाठवतो. आठ जणांच्या बैठकीत सात-सात, म्हणजे ५६ प्रवाह बाहेर जाऊ शकतात. कारखान्याची लाइन हे पेलणार नाही, त्यासाठी डेटा सेंटरमधील भाड्याचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. तुमच्याकडे असा माणूस नसल्यास हा मार्ग मी सुचवणार नाही.

पॅनेल उद्योजक, मकरपुरा

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, मनापासून आभार. ग्राहकाला विचारले असता ते टीम्सच वापरतात आणि बैठकीचा दुवा तेच पाठवतील असे कळले. दुपारी वेग मोजला तर बाहेर जाणारा केवळ १.९ एमबीपीएस निघाला, कारण बॅकअप नेमका त्याच वेळी चालू होता. त्याची वेळ आता रात्री ११ केली आहे. आमची ईमेल वर्कस्पेसवर आहे, तेव्हा पुण्याच्या आणि संचालकांच्या बैठकांसाठी योजना वाढवून तीच वापरू, आणि सचिवताईंनी सांगितल्याप्रमाणे मुद्रण कंपनीच्या नावाच्या खात्यात ठेवू. वडिलांनाही हे पटले. मोठ्या कॅमेऱ्याचा विचार तूर्त सोडला आहे.

काल पुण्याच्या माणसाला निरीक्षकाच्या जागी बसवून संपूर्ण चाचणीची रंगीत तालीम केली. मेगरचे आकडे त्याने मोठ्याने वाचून दाखवले आणि रीलेचा आवाजही ऐकला. एकच अडचण राहिली: फोन तापून ५० मिनिटांनी कॅमेरा बंद झाला.

उत्तर: पंप आणि व्हाल्व्हची तपासणी दाखवणारा, वाघोडिया

चार्जिंगला लावलेला फोन लवकर तापतो. कव्हर काढा, पडद्याचा उजेड कमी करा आणि तिवईजवळ लहान पंखा लावा. माइक कॉलरला असल्याने त्याचा आवाज फारसा जाणार नाही. दुसरा फोन त्याच बैठकीत कॅमेरा व आवाज बंद ठेवून तयार ठेवा, म्हणजे निरीक्षकाला थांबावे लागणार नाही.