पक्षांना सरकारी पैसा द्यायचाच असेल, तर कोणत्या मापाने?

जमाखर्च (सातारा)

कोषागारात नोकरी झाली. त्यामुळे निवडणूक लागली की माझी रवानगी ठरलेली असायची, खर्च निरीक्षण कक्षात. उमेदवाराची खर्चाची वही तीन रंगांची असते: रोजचा खर्च पांढऱ्या पानांवर, रोकड गुलाबी, बँक पिवळ्या. आमच्याकडे तिची जोड म्हणून छाया नोंदवही. चित्रीकरण पथक सभेचा व्हिडिओ आणून देणार, आम्ही तो थांबवून थांबवून खुर्च्यांच्या रांगा मोजणार आणि जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे रक्कम लावणार. मंडप, खुर्ची, चहा, वडापाव, हार, सगळ्याचे दर ठरलेले. एकदा फेट्यांवरून अर्धा दिवस वाद झाला. उमेदवाराचा माणूस म्हणे, फेटे लोकांनी घरून बांधून आणलेत. सगळे एकाच रंगाचे!

एवढी बारकाई कोणासाठी, तर उमेदवारासाठी. मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख ही मर्यादा त्याला आहे. पक्षाला मात्र मर्यादाच नाही. नेता हेलिकॉप्टरने उतरला, तर तो खर्च पक्षाच्या खात्यात जातो आणि आमची वही मिटते. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं होतं की पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच मर्यादेत धरा. संसदेने लगोलग कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला. म्हणजे ही फट राहून गेलेली नाही, बांधून घेतलेली आहे.

आता मूळ मुद्दा. १५ फेब्रुवारी २०२४ ला, देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयात रद्द झाले. पाठोपाठ, कंपन्यांच्या देणगीवरची, नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये काढली होती, तीही परत आली. चांगलंच झालं. पण रोखे गेल्याने पक्षांना पैसा लागायचा थांबला नाही. आज तो येतो इलेक्टोरल ट्रस्टमधून (कंपन्यांच्या देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्था), थेट धनादेशाने आणि वीस हजारांच्या आतल्या देणग्यांतून. या शेवटच्या देणाऱ्यांची नावं निवडणूक आयोगाला कळवावीच लागत नाहीत. बाकीचा कुठून येतो ते आपण सगळे जाणतो.

म्हणून सरकारी निधीचा विषय पुन्हा काढतोय. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये तो मांडला होता: दर मतदारामागे केंद्राचे १० रुपये, तेवढेच सगळ्या राज्यांचे मिळून. तेव्हाचे मतदार साठ कोटी, म्हणजे केंद्राचे सहाशे कोटी. तेही रोख नाही, वस्तूरूपात, आणि फक्त मान्यताप्राप्त पक्षांना. अहवाल धूळ खात पडला.

‘माझ्या कराचा पैसा या लोकांना का?’ असं कोणी म्हणणार असेल तर आधीच सांगतो, तो जातोच आहे. अटी पाळल्या तर पक्षाच्या उत्पन्नावर कर नाही. जुनी करप्रणाली घेतलेल्या माझ्यासारख्या पेन्शनराने धनादेशाने देणगी दिली तर ती करपात्र उत्पन्नातून पूर्ण वजा होते. मान्यताप्राप्त पक्षांना १९९८ पासून दूरदर्शन आणि आकाशवाणीवर फुकट वेळ मिळतो, मतदार याद्या फुकट मिळतात. देतोय सगळं, पण बदल्यात काही मागत नाही. २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात असा आदेश दिला. सहाही पक्षांनी तो बासनात गुंडाळला.

माझा कच्चा हिशेब असा. २०२४ च्या लोकसभेत सुमारे ६४ कोटी मतं पडली. मतामागे शंभर रुपये धरले तर पाच वर्षांचे ६,४०० कोटी, वर्षाला १,२८०. खासदार निधीवर आपण वर्षाला जवळजवळ चार हजार कोटींची तरतूद धरून बसलोय, तेव्हा रक्कम झेपणार नाही असं नाही. पण नुसते रोखेच सहा वर्षांत साडेसोळा हजार कोटींचे विकले गेले होते, वर्षाला पावणेतीन हजार. म्हणजे सरकारी पैसा खासगी पैशाची जागा घेईल हा भ्रम नको. मला तो लगाम म्हणून हवा आहे. हिशेब लपवला तर काढून घेता येईल असं काहीतरी सरकारच्या हातात पाहिजे.

द्यायचा तर मतांच्या मापाने द्यावा, की छोट्या देणग्यांच्या? आणि तपासणार कोण? परदेशातली पद्धत कोणी जवळून पाहिली असेल तर जरूर लिहा. कोणता पक्ष जास्त वाईट हा विषय इथे नको, त्यासाठी बाकीचे धागे वाहतातच आहेत.

रेवती_श्टुटगार्ट

काका, मी इथे एका पक्षाच्या स्थानिक शाखेची हिशेब तपासनीस आहे. म्हणजे वर्षातून एकदा शाखेच्या खजिनदारासोबत बसून पावत्या जुळवायच्या. उन्हाळी जत्रेत विकलेल्या सॉसेजची सुद्धा नोंद असते.

जर्मनीत दोन्ही मापं आहेत. कायद्यातली मूळ रक्कम पहिल्या ४० लाख मतांपर्यंत मतामागे १ युरो, त्यापुढे ८३ सेंट, आणि ती महागाईप्रमाणे वाढत जाते. शिवाय व्यक्तीने दिलेल्या वर्गणी-देणगीच्या प्रत्येक युरोमागे ४५ सेंट, पण एका माणसाचे वर्षाला ३,३०० युरोच धरायचे. मी पन्नास दिले की पक्षाला सरकारकडून साडेबावीस मिळू शकतात. कंपनीने लाख दिले तरी त्यावर सरकारचं शून्य. पात्रतेची अट सोपी आहे: संघराज्याच्या किंवा युरोपच्या निवडणुकीत अर्धा टक्का मतं, किंवा एखाद्या राज्यात एक टक्का. संसदेत पोचायला पाच टक्के लागतात, निधीला तेवढे लागत नाहीत.

दोन झाकणं वरून आहेत. पक्षाने स्वतः जेवढं मिळवलं त्यापेक्षा सरकारी रक्कम जास्त असता कामा नये, हे एक. सगळ्या पक्षांना मिळून एक कमाल रक्कम, हे दुसरं. पहिल्या झाकणातून २०१४ मध्ये एका पक्षाने वाट काढली. एएफडी या उजव्या पक्षाने चक्क सोनं विकायला सुरुवात केली! नफा नगण्य, पण ‘उत्पन्न’ म्हणून सगळी उलाढाल धरली जायची, त्यामुळे सरकारी हिस्सा वाढला. मग ‘डी पार्टाय’ नावाच्या विडंबन पक्षाने त्याची खिल्ली उडवायला थेट नोटाच विकायला काढल्या. त्यानंतर संसदेने कायदा दुरुस्त केला, आता निव्वळ नफाच धरतात. दुसरं झाकण पक्षांनी स्वतःच उचललं. २०१८ मध्ये विश्वचषकाच्या धामधुमीत काही दिवसांत विधेयक आणून कमाल रक्कम १९ कोटी युरो केली. घटना न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ती वाढ रद्द केली, कारण एवढी वाढ का हवी हे नीट पटवून दिलं नव्हतं. आपल्याकडे निधी आला तर ही तरतूद पहिल्याच दिवशी हवी. स्वतःचा पगार स्वतः वाढवणाऱ्यांवर कोणीतरी बसलेलं पाहिजे.

आणि तुमच्या लगामाबद्दल. काळा पैसा इथेही होता. माजी चान्सलर हेल्मुट कोल यांनी त्यांच्या सीडीयू पक्षाच्या देणगीदारांची नावं शेवटपर्यंत सांगितली नाहीत. पक्षाच्या हेस्से राज्यातल्या शाखेने परदेशात पैसा लपवला होता, तो ज्यू लोकांच्या मृत्युपत्रांतून आल्याचं सांगत होते, लाज वाटावी असं. पण २००० मध्ये संसदेच्या अध्यक्षांनी त्या पक्षाला ४ कोटी मार्कांहून जास्त सरकारी निधीला मुकवलं. निधी होता म्हणून कापता आला.

पोलचिट (चाकूर, जि. लातूर)

काका, तुमच्या वहीच्या पलीकडच्या बाजूला मी असतो. ज्यांनी खुर्च्या लावल्या त्यातला.

पैसा मुंबईत येतो आणि मुंबईतच राहतो. तालुक्याला काय येतं? झेंडे, उपरणी, नेत्याच्या फोटोची कॅलेंडरं. डिझेल, गाडीभाडं, पोरांची जेवणं, बूथबाहेरच्या टेबलाचा खर्च, हे सगळं उमेदवार स्वतः बघतो. आणि शेवटच्या दोन रात्रींचं लक्ष्मीदर्शन वेगळंच, त्याला ना पांढरं पान ना गुलाबी. म्हणून तिकिटाच्या मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, ‘तुमची तयारी किती?’ तयारी म्हणजे अभ्यास नव्हे. ज्यानं वीस वर्षं सतरंज्या उचलल्या तो तिथंच गळतो आणि क्रशरवाला आत जातो.

तुमचा निधी वर पक्षाध्यक्षाच्या खात्यात पडणार असेल तर आमच्यासाठी फरक शून्य. ठरावीक हिस्सा जिल्हा-तालुका शाखेच्या बँक खात्यात थेट गेला पाहिजे आणि ते खातं कार्यकर्त्याला बघता आलं पाहिजे. आमच्या तालुका शाखेला खातंच नाही, ही गोष्ट वेगळी.

अपक्ष_अण्णा (इचलकरंजी)

मतांचं माप घेणाऱ्यांना माझा एकच सवाल. २०१९ च्या विधानसभेला शिवसेनेला साधारण ९० लाख मतं, राष्ट्रवादीला ९२ लाख. तुमच्या शंभर रुपयांच्या दराने दोघांना प्रत्येकी नव्वद कोटींच्या घरात. पुढे दोन्ही फुटले. आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला धनुष्यबाण एका गटाला दिला, ६ फेब्रुवारी २०२४ ला घड्याळ एका गटाला दिलं. मग उरलेल्या वर्षांचा हप्ता कोणाच्या खात्यात? मत देणारा तर एकच होता, त्याला कोण विचारणार? उद्या पक्ष फोडताना आमदारांसोबत निधीचाही हिशेब मांडला जाईल. चिन्ह मिळवलं की तिजोरीही मिळाली.

दुसरं, नवा माणूस. मान्यताप्राप्त पक्षांनाच पैसा दिलात तर जे आत आहेत ते आत राहतील. सगळ्या नोंदणीकृत पक्षांना दिलात तर कागदी पक्षांची जत्रा भरेल. आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ पक्ष यादीतून काढले, तेव्हाही अडीच हजार शिल्लक होते. त्यातले किती निवडणूक लढवायला आणि किती करसवलतीच्या पावत्या फाडायला, ते प्राप्तिकरवाले जाणोत.

तिसरं, कंपन्यांचं बंद करा म्हणायला कोणी का धजत नाही? १९५७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीला देणगी देता यावी म्हणून घटनापत्रक बदलायचं होतं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागलांनी परवानगी दिली, पण हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा घोटेल असं बजावून. १९६९ मध्ये बंदी आली, १९८५ मध्ये उठली. बंदीच्या काळात पैसा बंद झाला नाही, बॅगेतून गेला, हे मलाही ठाऊक आहे. तरीपण.

जमाखर्च

रेवतीताई, सॉसेजची नोंद वाचून जीव सुखावला.

अण्णांचा फुटीचा सवाल बिनतोड आहे आणि त्यामुळेच माझा कल आता स्पष्ट सांगतो: मतांवर थोडं, छोट्या देणग्यांवर जास्त. मत पाच वर्षांसाठी गोठतं. देणगी दरवर्षी नव्याने द्यावी लागते, त्यामुळे पक्ष फुटला तर देणारा स्वतः ठरवेल कोणत्या गटाला द्यायची. आयोगाचा निकाल लागेपर्यंत मतांवरचा हिस्सा कोषागारात पडून राहू दे. अनामत सांभाळणं आम्हाला जमतं. नव्या पक्षाचाही प्रश्न बराचसा सुटतो. दहा हजार लोकांनी दोनशे-दोनशे रुपये दिले तर तो पक्ष कागदी नाही, मग मान्यता असो-नसो.

माप असं धरू. एका माणसाचे वर्षाला दोन हजारांपर्यंतचेच रुपये मोजायचे, बँकेतून आलेलेच. त्यावर सरकारचे अर्धे. त्यातला निम्मा हिस्सा पोलचिट म्हणतात तसा थेट तालुका-जिल्हा खात्यात, खातं नसेल तर तो हिस्सा बुडाला. पक्षाच्या खर्चाला मर्यादा आणि लेखापरीक्षकाची नेमणूक आयोगाकडून, पक्षाकडून नव्हे. आज पक्ष स्वतःच्याच सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र जोडून वार्षिक हिशेब देतात. आमच्या कार्यालयात असलं काही चाललं असतं तर ऑडिटवाल्यांनी आम्हाला उभं केलं असतं. हिशेब उशिरा आला तर पुढचा हप्ता नाही. खोटा निघाला तर दुप्पट कापायचा.

कंपन्यांवर बंदी घालावी असं मला वाटत नाही, तो पैसा पुन्हा बॅगेत जाईल. पण सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपनीने कंत्राट चालू असेपर्यंत आणि संपल्यावर काही वर्षं एक पैसाही देऊ नये. रोख्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकाला ९६६ कोटींची मेघा इंजिनिअरिंग होती, रस्ते-बोगद्यांची कामं करणारी. तेवढं पुरे.

पोलचिट

काका, दोन हजारांवर सरकारचे हजार, बरोबर? मग ऐका. आमच्याकडचा मुकादम ऊसतोडीला दोनशे-तीनशे माणूस घेऊन कर्नाटकात जातो. सगळ्यांची जनधन खाती, पासबुकं त्याच्याच पिशवीत. क्रशरवाल्यानं त्याला सहा लाख दिले की तीनशे ‘छोटे देणगीदार’ एका दुपारीत तयार, वर तुमच्या कोषागाराचे तीन लाख. काळ्याचं पांढरं होणार, शिवाय दीडपट.

जमाखर्च

होणार. म्हणून छाया नोंदवही इथेही लागेल. दर हप्त्याआधी देणगीदारांतले काही चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि दुसऱ्या जिल्ह्याच्या पथकाने घरी जाऊन विचारायचं, पावती दाखवा, पैसे कुठून आले. एक नाव खोटं निघालं तर त्या शाखेचा सगळा हप्ता थांबवायचा. माणसं मीच देतो, सेवानिवृत्त लेखाधिकारी जिल्ह्याजिल्ह्यात रिकामे बसलेत.

पोलचिट

ऊसतोडवाल्याच्या घरी कधी जाणार? ऑक्टोबर ते मार्च दाराला कुलूप असतं.

जमाखर्च

मग तपासणी मे महिन्यात ठेवू.