जमीन गावाची, घर आपलं: गोव्यात हे जमेल का?

फोंड्याचा मास्तर
काल एकाने लिहिलं, "परवडत नसेल तर गोव्यातल्या पोरांनी सावंतवाडीला नाहीतर बेळगावला घर घ्यावं, भाव बाजार ठरवतो." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. माझा मुलगा कुंडईला कारखान्यात, सून अंगणवाडीत. सहा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली त्यांनी. आमच्या वाड्यावर त्यांना घेता आली असती अशी एकच जागा होती. ती बाहेरच्याने घेतली, आणि त्या घराचं कुलूप वर्षातून दोनदा निघतं.

अमेरिकेत बर्लिंग्टन या लहान शहरात १९८४ पासून एक ट्रस्ट आहे. जमीन ट्रस्टची, दीर्घ पट्ट्याने दिलेली. घर राहणाऱ्याच्या मालकीचं. विकताना वाढलेल्या किमतीचा चौथा हिस्सा त्याला मिळतो, उरलेला घरातच राहतो. म्हणून पुढच्या कुटुंबालाही ते परवडतं. १९६९ साली अमेरिकेतल्याच जॉर्जियात काळ्या शेतकऱ्यांसाठी असा पहिला ट्रस्ट उभा राहिला, तेव्हा तो उभारणाऱ्यांपुढे विनोबांचं ग्रामदान होतं. आपल्याकडे तर गावकरी, म्हणजे गावची सामायिक जमीन राखणारी मूळ घराण्यांची, गावकारांची संस्था, पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची; तिलाच पुढे कोमुनिदाद म्हणू लागले. कोमुनिदादीच्या पडीक जमिनीवर अशी घरं का नकोत?

बार्देशचा गावकार
सगळ्यांना आमचीच जमीन दिसते. भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, दिसत नाही, सरकारची दिसत नाही. मास्तर, कोमुनिदादींची १९६१ची संहिता उघडा. आफोरामेंताने, म्हणजे कायमच्या पट्ट्याने, घराला जागा द्यायची सोय तीत आहेच. आमच्या गावात गरजू म्हणून नाममात्र फोरावर (वर्षाच्या खंडावर) प्लॉट घेतलेल्याने बंगला बांधला आणि परक्याला देऊन मोकळा झाला. वर २०२५ साली विधानसभेने कायदा बदलून कोमुनिदादीच्या जमिनीवरची २०१४ पूर्वीची बेकायदा घरं कायम करायची वाट उघडली. माझा पुतण्या अर्ज घेऊन खेपा घालत राहिला, त्याला काही नाही. रातोरात भिंती चढवल्या तो मालक!

फोंड्याचा मास्तर
तो बंगला विकला गेला कारण विक्रीवर अट नव्हती. मी त्या अटीबद्दलच बोलतोय.

मुंडकाराची नात
दुसऱ्याच्या जमिनीवर आपलं घर म्हणजे काय, हे मास्तरांनी भाटकाराच्या जमिनीवर घर असलेल्या आम्हा मुंडकारांना विचारावं. छपराचे नळे बदलायचे तर आजोबा आधी भाटकाराच्या सोप्यावर जाऊन उभे राहायचे. १९७५ चा मुंडकार कायदा आला तेव्हा आजीने देवाला नारळ ठेवला. घराखालची जागा आपल्या नावावर व्हावी म्हणून मामलेदाराकडे अर्ज केला. आजी गेली, बाबा गेले, तारखा अजून पडतात. आता तुम्ही म्हणता जमीन ट्रस्टची. ट्रस्ट म्हणजे नवा भाटकारच. मला माझ्या नावाचा एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा, हवा.

डिचोलीची लेक
मला दुसरंच बोलायचं आहे. "गावकारांनी जमीन राखली" हे ऐकून ऐकून थकले. माझे वडील गावकार, मी एकटी मुलगी. ते गेले आणि आमच्या घरातला झोन, म्हणजे गावकाराला कोमुनिदादीकडून मिळणारा वर्षाचा वाटा, बंद झाला. गोव्याच्या नागरी कायद्याने बापाच्या घरात मुलीला मुलाइतकाच हिस्सा, आणि कोमुनिदादीच्या वहीत फक्त मुलगे!

बार्देशचा गावकार
विषय काय चाललाय? आणि झोन वर्षाला येतो किती? त्यात एक वेळचं मासळीचं जेवण होत नाही.

डिचोलीची लेक
पैशाचं कुणी बोललं? वडिलांच्या आजारपणात कोमुनिदादीच्या शेताचे बांध मी उभं राहून घालून घेतले. पुढच्या सभेत त्याच बांधांचा विषय निघाला आणि मला दाराबाहेर बसवलं. आत चुलतभाऊ बसला होता, पुण्याहून आलेला. त्याला बांध कुठल्या बाजूला आहे हे माहीत नव्हतं.

बार्देशचा गावकार
शेकडो वर्षांची रीत आहे बाय. ती मोडली की जावई येतील, मग जावयाचे बिल्डर येतील.

मुंडकाराची नात
बिल्डरला कागद सह्या करून देणारे तुमचे मुलगेच होते ना? की तेही जावई?

बार्देशचा गावकार
माझ्या घराण्याने एक चौरस मीटर विकलेला नाही. तोंड सांभाळून बोला.

फोंड्याचा मास्तर
भांडू नका. पण लेकीने मांडलं ते मला सुचलं नव्हतं, हे कबूल करतो. सभेत बसायचं कोणी, यावरच सगळं ठरतं. या ट्रस्टांच्या मंडळात साधारणपणे तीन भाग असतात: एक त्या घरांत राहणाऱ्यांचा, एक गावातल्या इतरांचा, एक सार्वजनिक हित पाहणाऱ्यांचा. भाटकाराच्या सोप्यावर तुमच्या आजोबांना मत नव्हतं. इथे असेल.

बार्देशचा गावकार
आणि तुमच्या जॉर्जियाच्या ट्रस्टचं पुढे काय झालं ते का नाही लिहिलंत? साडेपाच हजार एकरांहून जास्त जमीन, १९८५ साली कर्जापायी सगळी गेली.

फोंड्याचा मास्तर
गेली. दुष्काळ पडला आणि काळे म्हणून सरकारी कर्ज वेळेवर दिलं नाही. २००९ साली सरकारला त्याची भरपाई द्यावी लागली. पण जमीन परत आली नाही, हे खरं. जमीन गहाण पडू द्यायची नाही, ही अट मी लिहायला हवी होती.

मुंडकाराची नात
मंडळात राहणाऱ्यांना मत असेल, पट्टा लेकीच्या नावावर विनाअडथळा चढत असेल, आणि डागडुजीला कुणाला विचारावं लागणार नसेल, तर मी ऐकून घेईन. मामलेदाराकडचा अर्ज मात्र मागे घेणार नाही.

बार्देशचा गावकार
विकताना चौथाच हिस्सा, ही अट आमच्या प्लॉटांना असती तर तो बंगला उभा राहिला नसता. एवढं मान्य. पण सुरुवात सरकारी जमिनीवर करा. दहा वर्षं चालवून दाखवा, मग कोमुनिदादीकडे या.

डिचोलीची लेक
दहा वर्षांनी तरी त्या सभेला मी आत असेन का, तेवढं सांगा.