मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत मुलीचा बास्केटबॉलचा सराव किती ठेवावा?

नमस्कार मंडळी. माझी मुलगी चौदा वर्षांची, नागपुरात शिवाजीनगरला बास्केटबॉल खेळते. दिवाळीनंतर स्पर्धा आहे, म्हणून सर सुट्टीतही दोन्ही वेळ बोलावतात. तिचे गुडघे दुखतात, विशेषतः उड्या मारल्यावर. या वयात ८ ते १० तास झोप लागते, आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण विश्रांतीही हवी, हे मला पटतं. तिला मात्र वाटतं, सुट्टी घेतली तर संघातली जागा जाईल. अमरावतीला आजी भाऊबीजेची वाट पाहतेय, आणि मला तिला तिथे न्यायचंच आहे.

तिथे चार दिवस नुसतं ड्रिब्लिंग आणि स्ट्रेचिंग केलं तर चालेल का? सरांशी कसं बोलावं? गुडघ्यांसाठी ऑर्थोपेडिककडे जावं की आधी फिजिओकडे? खेळाडू मुलांच्या आईवडिलांनी कृपया सांगा.